चढ-उताराचे शहर

पुण्याच्या उन्हाळ्याला नावे ठेवणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले मुंबईहून आलेले पाहुणे. येथील कोरड्या हवेने त्यांचे ओठ फुटतात, नाक कोरडे पडते, आणि ज्या दमटपणाला ते जन्मभर शिव्या देत आले त्याचीच त्यांना आठवण होऊ लागते. दुसरे खुद्द पुणेकर. त्यांना नावे ठेवण्यासाठी उन्हाळ्याचीच गरज असते असे नाही. मी जन्माने या दुसऱ्या वर्गात मोडतो. परंतु या एका प्रश्नावर मला माझ्या गाववाल्यांचा पक्ष सोडून उभे राहावे लागते. उन्हाळा हा पुण्याचा सर्वांत उत्तम ऋतू आहे असे माझे मत आहे. आणि ते मी पंख्याखाली आरामखुर्चीत पडून बनविलेले नसून, गेली पन्नास-पंचावन्न वर्षे सायकलवर बसून बनविलेले आहे.

‘सायकल’ हा शब्द मी केवळ रूढी म्हणून वापरतो. माझे आजोबा तिला ‘पायगाडी’ म्हणत, आणि तोच शब्द मला अधिक खरा वाटतो. पुढे ‘दुचाकी’ हा शब्द आला. तो दिसण्यात मोठा सुटसुटीत. परंतु स्वभावाने बेइमान निघाला. चाके मोजण्यापलीकडे त्याला दुसरे काही ठाऊक नसल्यामुळे एंजिनाची गाडी आली तेव्हा तो निःसंकोचपणे तिच्या घरी राहावयास गेला. आणि आज पुण्यात कोणी ‘दुचाकीवरून आलो’ असे म्हणाले, तर तो पाय हालवीत आला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. ‘पायगाडी’ या शब्दाला असे घर बदलता येणार नाही. गाडी कोणाच्या बळावर चालते हे तिच्या नावातच नमूद करून ठेवलेले आहे.

उन्हाळ्याच्या बाजूने माझा पहिला साक्षीदार म्हणजे पहाट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे. हवा कोरडी असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री लवकर निवते; आणि एप्रिलमध्ये दुपारी पारा अडतीस-चाळीस अंशांपर्यंत चढला, तरी पहाटे तो बहुधा वीस-बावीसपर्यंत उतरलेला असतो. दुपारी ज्या शहराने अंगाची लाही लाही केली, तेच पहाटे पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावयास लावते. या पाऱ्याची नोंद जेथे होते त्या कचेरीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून येथे आले, आणि येताना गावाचे नावही सामानात बांधून घेऊन आले. वैशाखातील भर दुपारी त्या चौकातून घाम पुशीत जाताना सिमल्याची आठवण होणे ही थोडी क्रूर थट्टा आहे खरी. परंतु पहाटे साडेपाचला तेथून सायकलवर जाऊन पाहावे, म्हणजे ते नाव अगदीच अस्थानी नाही अशी खात्री पटते.

उन्हाळा म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे सायकल शिकणे, हे समीकरण माझ्या लहानपणी पाढ्याइतके पक्के होते. गल्लीच्या तोंडाशी सायकली भाड्याने देणारे दुकान असे. तेथे वहीत आपले नाव आणि वेळ लिहिली जाई. भिंतीवरचे घड्याळ सायकल नेताना मागे आणि परत आणताना पुढे कसे असे, हा आमच्या बालबुद्धीस न उलगडलेला चमत्कार होता. परंतु त्याविषयी तक्रार करण्याची कोणाची छाती नसे. काही आण्यांत तासभर राज्य मिळे, हेच पुष्कळ वाटे. मुलांच्या मापाची सायकल त्या दुकानांत क्वचितच मिळावयाची. मोठ्या माणसाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूस वाकवून, अर्धे पॅडल मारीत मारीत आम्ही ती विद्या मिळविली. मागे कॅरिअर धरून धावणारा थोरला भाऊ ‘धरलंय, धरलंय’ असे ओरडत असे. आणि त्याचा आवाज दुरून येऊ लागला म्हणजे त्याने मघाशीच सोडून दिले आहे हे ध्यानात येई. पुढील आयुष्यात पुष्कळांनी मला पुष्कळ आधार दिले. त्यांतील काहींचे आवाज असेच दुरून येत होते. परंतु तोवर माझा तोल सावरलेला असे, तेव्हा कोणाविषयीच माझी तक्रार नाही.

गुडघ्यावर हळद दाबून बसवली की शिक्षण पूर्ण झाले असे समजत. मग संध्याकाळ आपली. दुपारभर दारे-खिडक्या लावून निपचित पडलेले शहर पाच वाजल्यानंतर हळूहळू डोळे उघडी. गच्चीवरच्या कुरडया गोळा होत, माठात वाळ्याची नवी जुडी पडे, रसाच्या गुऱ्हाळावरील घुंगरांचा आवाज पुन्हा सुरू होई, आणि गल्लोगल्लीतून सायकली बाहेर पडत. कोणी मंडईत आंब्याचा भाव काढावयास, कोणी नदीकाठी, कोणी वसंत व्याख्यानमालेस. ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी व्याख्यान ऐकावयास जावे ही कल्पना पुण्याखेरीज अन्यत्र सुचली असती काय, याविषयी मी साशंक आहे. माझ्या तरुणपणी सभास्थानाबाहेर सायकलींच्या अशा दाट रांगा लागत, की त्यांतील एक कलंडली म्हणजे सारी रांग वक्त्याच्या ऐन मुद्द्यावर धडाधडा आडवी होई. सायकलींनी नापसंती दर्शविली, असे मग पाठीमागचे श्रोते आपसांत म्हणत.

परंतु सायकलची खरी मौज रविवारी. आम्ही चौघे मित्र पहाटे पाचला लकडी पुलापाशी जमत असू. आदल्या रात्री साखळीला तेल घातलेले असे. उन्हाळ्यात चाकांत हवा थोडी कमीच भरावी, कारण ऊन चढले की आतील हवा फुगते आणि उन्हात उभी करून ठेवलेली सायकल आपल्या पाठीमागे बंदुकीसारखा बार काढते, हे शहाणपण झाडाखाली पंक्चर काढणाऱ्या कारागिराने आम्हांला फुकट दिले होते. घमेल्यातील पाण्यात ट्यूब दाबून, बुडबुडा कोठून येतो ते पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य दिसे, ते मला पुढे मोठमोठ्या डॉक्टरांच्या ठिकाणीही फारसे आढळले नाही.

आमचे आवडते स्थळ खडकवासला. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट. धरण एकोणिसाव्या शतकातले. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी तेथे आपले स्वयंचलित दरवाजे बसविले. आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा त्या लोंढ्यापुढे हेही टिकले नाही, ते पुन्हा बांधावे लागले. हा इतिहास आम्हांला शाळेत कळला असेल. पण तलावाची ओळख झाली ती उन्हाळ्यातील रविवारांनी. एप्रिलच्या आरंभी जेथे बसून पाय पाण्यात सोडले, तेथे एप्रिलच्या अखेरीस चिखल असे. मेच्या मध्यास त्या चिखलाला भेगा पडत. आणि मे संपताना त्या भेगांत गुरांची खुरे अडकत. दर रविवारी पाणी काही पावले मागे सरलेले दिसे. आज वर्तमानपत्रांत खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत किती टी.एम.सी. पाणी उरले ते रोज छापून येते, आणि ते मी नियमितपणे वाचतो. तो आकडा खोटा आहे असे मुळीच नाही. परंतु आकडा वाचून मला तहान लागत नाही. पाऊण तास पॅडल मारून गेल्यावर तळे गेल्या खेपेपेक्षा दूर गेलेले पाहिले, की घशाला कोरड पडते आणि घरी येऊन अर्धी बादली पाण्यात आंघोळ आटोपावीशी वाटते.

कधी उत्साह अधिक असला तर तसेच पुढे सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन, कोणाच्या तरी अंगणात सायकली टेकवून गड चढावयाचा. देवटाक्याचे गार पाणी प्यावयाचे. मडक्यात लावलेले दही खावयाचे. आणि उतरताना पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदे घ्यावयाची. परतीच्या वाटेवर ऊन चढलेले असे. येथे मला उन्हाचे एक गुपित सांगितले पाहिजे, कारण सायकलवर न बसणारांस ते ठाऊक असण्याचा संभव नाही. सायकल चालती असेतोवर उन्हाचा फारसा त्रास होत नाही. आपणच केलेल्या वेगातून आपल्यासाठी वारा उत्पन्न होतो आणि तो घाम येताक्षणीच वाळवून टाकतो. खरा उन्हाळा भेटतो तो थांबल्यावर. म्हणूनच आज शहरातील चौकाचौकांत लाल दिव्यापाशी उभे राहणे हे सायकलवाल्याला जड जाते. डोक्यावर ऊन, खाली तापलेले डांबर, दोन्ही बाजूंस धगधगणारी एंजिने, आणि मिनिटभरापूर्वीचा तो स्वतःचा वारा नाहीसा झालेला!

त्यामुळे सायकलवाला वाट शोधतो ती सावलीची. मोटारीत बसणारा मनुष्य जवळचा रस्ता शोधतो. सायकलवाल्याला लांबचा परंतु झाडांचा रस्ता जवळचा वाटतो. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून, वडा-पिंपळांच्या आणि पर्जन्यवृक्षांच्या खालून जाताना, भर अकरा वाजता देखील कोणी मायेने डोक्यावर पदर धरल्यासारखे वाटते. एप्रिल-मे महिन्यांत ताम्हणाची जांभळी फुले, बहाव्याची पिवळी झुंबरे आणि गुलमोहराचा लाल भडका यांच्या खुणांनी मी रस्ते ओळखतो. रस्तारुंदीत एखादे झाड गेले तर मोटारवाल्याला ते कदाचित वर्षभर कळणार नाही. मला त्याच दिवशी डोक्याच्या टाळूवर कळते.

परंतु सावलीपेक्षाही खोल अशी एक गोष्ट सायकलने मला शिकविली, आणि हा सारा प्रपंच तिच्यासाठीच आहे. ती गोष्ट म्हणजे उतार. पुणे हे सपाट शहर आहे असा पुष्कळांचा समज असतो. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या आणि आजूबाजूच्या टेकड्या सोडल्या, तर डोळ्यांना येथे चढ असा दिसतच नाही. मात्र पायांना तो चांगलाच दिसतो. डेक्कनवरून कोथरूडकडे निघा, पौड रस्ता हळूहळू मांड्यांशी बोलू लागतो. सेनापती बापट रस्त्याने चतुःशृंगीस जा, मध्ये एके ठिकाणी छाती भरून येते आणि तेथून पुढे हात आपोआप ब्रेकवर जातो. पेठांतून नदीच्या दिशेने वळा, सायकल आपल्याला विचारल्यावाचून चालू लागते. या शहरातील प्रत्येक रस्त्याला वर आणि खाली आहे, आणि सायकलवाल्याच्या डोक्यात शहराचा जो नकाशा असतो तो या चढ-उतारांचा असतो. त्यात वाऱ्याचाही हिशेब येतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणून संध्याकाळी पाषाणच्या तळ्याकडे जाताना जे कष्ट पडतात, ते येताना व्याजासह परत मिळतात. सायकल ही मोठी चोख सावकार आहे. ती उधार देत नाही, पण ठेवलेली ठेव बुडवीतही नाही.

हे चढ-उताराचे ज्ञान केवळ आम्हा सायकलवाल्यांचेच आहे असे मात्र नाही. आमच्या आधी ते पाण्याला होते, आणि पाण्याकडून ते पेशव्यांच्या कारागिरांनी घेतले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, कात्रज येथे तलाव बांधून त्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने दहाएक किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी नळाला श्वास घेता यावा म्हणून ‘उच्छ्वास’ बांधले. या एवढ्या मोठ्या खटाटोपात यंत्र असे एकही नव्हते. कात्रज वर आहे आणि शनिवारवाडा खाली आहे, या एका गोष्टीवर सारे शहर पाणी पीत होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत; हौद शोधणारा मात्र क्वचितच कोणी भेटतो.

एके काळी या गावाला सायकलींचे शहर म्हणत. ते बिरुद आता जुन्या पदकासारखे पेटीत आहे. पेठांतील भाड्याच्या सायकलींची दुकाने एकामागून एक मिटली. मध्यंतरी २०१७-१८ च्या सुमारास दूरध्वनीच्या पडद्यावरून कुलूप उघडणाऱ्या रंगीत सायकली भाड्याने मिळू लागल्या, तेव्हा मला क्षणभर आमचे ते घड्याळवाले दुकानदार पुन्हा अवतरल्याचा भास झाला. परंतु दोन-तीन उन्हाळ्यांत तेही चित्र पुसले गेले. सायकलींसाठी म्हणून आखलेल्या मार्गांवर आज पुष्कळ ठिकाणी मोटारी विश्रांती घेत असतात. मी त्यांच्यावर रागावत नाही; रागावल्याने चढ कमी होत नाही, दम मात्र लवकर लागतो.

आमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, बारा वर्षांची एक मुलगी राहते. तिला वाढदिवसाला सात-आठ गिअरांची सायकल मिळाली. ही सायकल पहिल्या दिवसापासून इमारतीखालच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेत खांबाभोवती फिरत असे. कारण आवारात सायकल चालवू नये अशी पाटी आहे, आणि रस्त्यावर चालवू नये अशी तिच्या आईची ताकीद. गेल्या मे महिन्यात तिने मला जिन्यात गाठून विचारले, “आजोबा, तुम्ही रोज पहाटे कुठे जाता? मला न्याल?”

मी तिच्या आईकडे गेलो. ती म्हणाली, “काका, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण रस्त्यावर नाही माझा विश्वास.” या वाक्याला मजपाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी लहान असताना माझ्या आईला गुडघ्याची काळजी असे. या आईला जिवाची काळजी आहे, आणि ती अवास्तव आहे असे म्हणण्याचे धाडस पुण्यातील कोणताही सायकलवाला करणार नाही. अखेर रविवार, पहाटे सव्वापाच, डोक्यावर शिरस्त्राण आणि साडेसातच्या आत घरी, अशा अटींवर परवानगी मिळाली. मी कात्रज ठरविले.

सदाशिव पेठेतून निघालो तेव्हा रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि पदपथावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मंडळी यांखेरीज कोणी नव्हते. स्वारगेटपर्यंत मुलगी माझ्यापुढे होती. सातारा रस्त्याला लागल्यावर ती माझ्या बरोबरीने आली, आणखी पुढे गेल्यावर मागे पडली, आणि मग तिने हाक मारली, “आजोबा, थांबा ना! माझ्या सायकलला काहीतरी झालंय. एकदम जड जातेय. ब्रेक अडकलाय का बघा.”

मी उतरून तिची सायकल उचलली आणि चाक फिरवून दाखविले. ते उत्तम फिरत होते. “सायकलला काही झालेलं नाही,” मी म्हणालो, “रस्ता चढतो आहे.”

तिने पुढे पाहिले, मागे पाहिले. रस्ता दोन्हीकडे सारखाच सपाट दिसत होता. “पण हा रस्ता तर मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आम्ही गाडीतून कितीदा आलोय, प्राणिसंग्रहालय बघायला. इथे चढ नाहीये.” ज्या शहरात ती जन्मली त्या शहराविषयी तिला कोणी तरी अगदी साधी गोष्ट सांगावयाचे विसरले होते. मोटारीत चढ एंजिनाला कळतो. आत बसलेल्याला तो कळविण्याची पद्धत नाही.

मग तिने गिअर बदलला, मी जुन्या पद्धतीने उभे राहून पॅडल मारले, आणि वाटेत दोनदा पाणी पिऊन आम्ही तलावाच्या बाजूस पोहोचलो. ऊन अजून कोवळे होते. डोंगराच्या अंगावर वाळलेले गवत पिवळे दिसत होते. परत फिरताना मी तिला म्हटले, “आता पाय हालवू नकोस. फक्त ब्रेकवर बोटं ठेव.” सायकली निघाल्या. पहिल्यांदा हळू, मग जरा वेगाने. वारा सुटला. “आजोबा, मी काहीच करत नाहीये!” ती ओरडली, आणि मोठ्याने हसत सुटली. तो आनंद मी पुष्कळ वर्षांत ऐकला नव्हता. वाटेत थांबून मी तिला पेशव्यांच्या नळाची हकीकत सांगितली; आपण जसे आता पाय न हालवता चाललो आहोत तसेच पाणीही याच उताराने जमिनीखालून चालत गावात येत असे, असे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

स्वारगेटच्या अलीकडे गाड्यांची वर्दळ वाढली. एक बस इतक्या जवळून गेली की तिच्या आईचे वाक्य मला शब्दशः आठवले. आम्ही उतरलो आणि पदपथावरून सायकली हातात धरून चालू लागलो. तेव्हा तिने विचारले, “आजोबा, मग खूप जोरात पाऊस पडला तर तिकडचं सगळं पाणी इकडेच येत असेल ना?”

हा प्रश्न मी तिला शिकविलेला नव्हता. तो तिच्या पायांनी विचारला होता. आणि त्याचे उत्तर या शहराने फार महाग किमतीला मिळविलेले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला अतोनात पाऊस झाला आणि त्या डोंगरांतून येणारा आंबिल ओढा एका रात्रीत नदीसारखा फुगला. काठच्या वस्त्यांत, सोसायट्यांच्या आवारांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या, कित्येक माणसे प्राणांस मुकली. हा ओढा काही त्या रात्री नवीन उत्पन्न झाला नव्हता. पूर्वी तो शहराच्या पेठांच्या अंगाने वाहत असे. पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळविला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. आजचा सारसबागेतला ‘तळ्यातला गणपती’ ही त्याच तळ्याची आठवण. ओढा कोठून येतो, कोठे जातो आणि त्याला किती जागा लागते, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते. पुढे त्याच्यावर पूल झाले, काठाने घरे झाली, भिंती झाल्या, आणि वरून जाणाऱ्यांना खाली ओढा आहे याचा विसर पडला. पाण्याला मात्र आपला रस्ता विसरण्याची सवय नाही.

मी तिला हे सारे सांगितले नाही, थोडेसे सांगितले. ती म्हणाली, “मी तेव्हा लहान होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, एवढंच आठवतंय.”

सर्वांनी सायकली चालविल्या असत्या तर ती रात्र टळली असती, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. ओढ्याच्या काठची भिंत कोणी कोठे बांधावी, नकाशावर निळी रेघ कोठे ओढावी, हे ठरविणारांना शास्त्र ठाऊक असते आणि साधनेही पुष्कळ असतात. परंतु ज्या गावातील माणसांच्या पायांना उतार कळतो, त्या गावात उतारावर भिंत घालणारास चार माणसे तरी ‘अहो, इकडून पाणी येतं’ असे हटकतील, इतकी माझी श्रद्धा आहे. पूर्वी प्रत्येक गल्लीत असा हटकणारा एखादा म्हातारा असे. त्याने भूगोलाचे पुस्तक वाचलेले नसे. त्याने फक्त जन्मभर तेथून पायी किंवा पायगाडीवरून ये-जा केलेली असे. त्याची जागा रिकामी पडते आहे, आणि ती भरण्यासाठी बारा वर्षांची माणसे तयार करावयाची तर त्यांना खांबाभोवती फिरवून भागणार नाही. त्यांच्यासाठी निदान एक पहाट, निदान एक रस्ता मोकळा असला पाहिजे. आणि त्यांच्या आयांचा त्या रस्त्यावर विश्वास बसला पाहिजे. हे दुसरे काम माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पहिले मी माझ्या परीने करतो.

त्या महिन्यात आम्ही आणखी तीन रविवार बाहेर पडलो. पाषाणचे तळे झाले, चतुःशृंगीची खिंड झाली, आणि मेच्या शेवटच्या रविवारी तिची आई, ‘काका, मीही येते’ म्हणून, धाकट्या दिराची सायकल मागून घेऊन आली. तिला वीस वर्षांत सवय नव्हती. पण एकदा आलेली ही विद्या शरीर सहसा परत करीत नाही. चढावर ती उतरून चालली, उतारावर सर्वांच्या पुढे गेली, आणि परतताना रसाच्या गुऱ्हाळावर तिने आम्हा दोघांचे पैसे दिले.

मग एके दिवशी दुपारी पूर्वेकडून वळवाचे ढग चढून आले. चार वाजता अंधारले, धुळीचा लोट उठला, टपोरे थेंब तापलेल्या फरशीवर आपटू लागले, आणि पाच मिनिटांत आमची गल्ली वाहू लागली. मी खिडकीतून पाहत होतो. आसपासची मुले पावसात नाचत होती. आमची ही विद्यार्थिनी मात्र छत्रीशिवाय गल्लीच्या मध्यभागी उभी राहून, खाली वाकून, पाणी कोणत्या बाजूला चालले आहे ते पाहत होती. मग तिने वर पाहिले, मी दिसताच नदीच्या दिशेने हात केला, आणि भिजत भिजत पाण्यामागून चालू लागली.